हाताला लागणारी मालमत्ता

कंपनीच्या एकूण मालमत्तेतून सगळी देणी वजा केली की उरते ती निव्वळ मालमत्ता. त्यातून गुडविल, पेटंट, ब्रँड अशा अमूर्त गोष्टी वगळल्या की निव्वळ मूर्त मालमत्ता मिळते. तंत्रज्ञान कंपनीचा हा आकडा वर्षानुवर्षे पाहत राहावा.

मायक्रोसॉफ्टचेच पाहा. जून २०२३ अखेर तिची निव्वळ मालमत्ता सुमारे २०६ अब्ज डॉलर होती. वर्षभरात ती २६८ अब्जांवर गेली. निव्वळ मूर्त मालमत्ता मात्र १२९ अब्जांवरून १२२ अब्जांवर उतरली. मुख्य कारण, ऑक्टोबर २०२३ मध्ये झालेली ‘अ‍ॅक्टिव्हिजन ब्लिझार्ड’ या गेम कंपनीची खरेदी. रोकड गेली आणि ताळेबंदात मुख्यतः गुडविल आले. ते टिकेलच असे नाही. विकत घेतलेल्या नोकियाच्या फोन व्यवसायापोटी मायक्रोसॉफ्टनेच २०१५ मध्ये सुमारे ७.५ अब्ज डॉलर निर्लेखित केले होते.

दुसरी बाजूही महत्त्वाची. स्वतः घडवलेल्या सॉफ्टवेअरवरचा संशोधन खर्च बहुतांशी त्याच वर्षी खर्ची पडतो. त्यामुळे ‘विंडोज’सारख्या उत्पादनाचे खरे मोल ताळेबंदात दिसतच नाही. म्हणून आकडा लहान असला म्हणजे कंपनी दुबळी, असे ठरवू नये. तो का बदलला, हे दरवर्षी तपासावे. गुंतवणूकदाराला खरी माहिती तिथेच मिळते.