गरी, आमिष आणि आयकराचा परतावा

समुद्रकिनारी वाढलेल्या माणसाला मासेमारीची परिभाषा शिकवावी लागत नाही. रांपण कशी ओढतात, मानशीवर जाळे केव्हा लावतात आणि गरीला कोणते आमिष लावले म्हणजे कोणता मासा येतो, हे आपल्याकडील पोरासोरांनाही ठाऊक असते. असे असूनही गेल्या पंचवीस-तीस वर्षांत जगभर मासेमारीचा जो एक नवा धंदा फोफावला आहे, त्यात गोमंतकातील आणि कोकणपट्टीतील चांगली शिकलेली माणसे मच्छीमाराच्या नव्हे, मासळीच्या बाजूला दिसतात, ही चिंतेची गोष्ट होय. या धंद्याचे इंग्रजी नावही ‘फिशिंग’ असेच आहे; फरक आहे तो स्पेलिंगचा. १९९० नंतरच्या दशकात अमेरिकेतील काही उपद्व्यापी संगणकबहाद्दरांनी दुसऱ्याचा पासवर्ड गोड बोलून काढून घेण्याच्या उद्योगाला हे नाव दिले. मच्छीमाराला निदान भरती-ओहोटीचे आणि पावसाळ्यातील बंदीचे बंधन असते. या धंद्याला तेही नाही.

आयकर खात्याच्या नावाने येणारे ई-पत्र हा त्याचा नित्याचा नमुना. माथ्यावर राजमुद्रा, खाली अधिकाऱ्याचे पदनाम आणि मध्ये मजकूर असा की, आपल्या विवरणपत्राची छाननी पूर्ण झाली असून अमुक हजार अमुक शे रुपये परतावा मंजूर झाला आहे, तो चोवीस तासांत स्वीकारण्यासाठी सोबतच्या दुव्यावर जाऊन बँकेचा तपशील भरावा. रक्कम मुद्दामच मोडकी असते. पूर्णांकापेक्षा मोडक्या आकड्यावर माणसाचा विश्वास चटकन बसतो. दुवा दाबला की खात्याच्या संकेतस्थळासारखेच दिसणारे पान उघडते. खातेदार त्यात आपला क्रमांक, पासवर्ड आणि मोबाईलवर आलेला ओटीपी आपल्या हाताने भरतो आणि चोराला कुलूप फोडण्याचेही कष्ट उरत नाहीत.

वस्तुतः आयकराचा परतावा मागावा लागत नाही. खात्याच्या पोर्टलवर करदात्याने जे बँक खाते आधी पडताळून ठेवलेले असते, त्यात तो थेट जमा होतो. खात्याच्या नोटिशीवर व आदेशावर १ ऑक्टोबर २०१९ पासून दस्तऐवजाचा स्वतंत्र ओळखक्रमांक असावा लागतो आणि तो क्रमांक खरा की खोटा हे पोर्टलवर कोणालाही पाहता येते. एवढी माहिती ज्याच्यापाशी आहे त्याला ते राजमुद्रांकित पत्र दहा सेकंदांत केराच्या टोपलीत टाकता येईल. पण ही माहिती किती घरांत आहे?

तोतयेगिरी ही काही संगणकाने जन्माला घातलेली नाही. स्पेनच्या तुरुंगात अडकलेल्या धनाढ्य कैद्याला सोडविण्यासाठी थोडी रक्कम पाठवा, सुटल्यावर तो तुम्हांस संपत्तीत वाटा देईल, अशा पत्रांनी एकोणिसाव्या शतकात युरोप-अमेरिकेतील लोकांना लुबाडले. पुढे त्याच कथेतील कैदी गेला आणि नायजेरियातील कोणा दिवंगत अधिकाऱ्याची बेवारस ठेव आली. त्या देशाच्या फौजदारी संहितेतील कलमावरून असल्या फसवणुकीला जगभर ‘चारशे एकोणीस’ म्हणू लागले. योगायोग असा की आपल्या जुन्या भारतीय दंडसंहितेतही तोतयेगिरीने केलेल्या फसवणुकीचे शिक्षेचे कलम ४१९ हेच होते. (‘चारसो बीस’ एवढे लोकप्रिय झाले, मग शेजारच्या कलमाने काय पाप केले होते, न कळे!) १ जुलै २०२४ पासून त्याची जागा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१९ ने घेतली आहे.

असल्या पत्रांना बळी पडतो तो भोळा किंवा लोभी, अशी एक सोयीस्कर समजूत आपल्यांत रूढ आहे. ती साफ चुकीची आहे. गूगल आणि फेसबुक या कंपन्यांहून संगणक अधिक कोणाला कळतो? परंतु २०१३ ते २०१५ या काळात लिथुआनियातील एका इसमाने तैवानच्या एका खऱ्या पुरवठादार कंपनीच्या नावाची दुसरी कंपनी काढली, तिच्या नावे बिले व ई-पत्रे धाडली आणि या दोन्ही कंपन्यांकडून मिळून दहा कोटी डॉलर्सहून अधिक रक्कम आपल्या खात्यांत वळवून घेतली. २०१९ मध्ये अमेरिकेतील न्यायालयाने त्याला पाच वर्षांची शिक्षा दिली. कंपन्यांच्या हिशेबनीसांना लोभ कसला? समोर ओळखीचे नाव दिसले आणि त्यांनी रोजचे काम रोजच्या पद्धतीने उरकले, इतकेच.

याहून बोधप्रद आहे ती बांगलादेशाच्या मध्यवर्ती बँकेची कहाणी. २०१५ च्या आरंभी त्या बँकेतील काही कर्मचाऱ्यांना एका नोकरी मागणाऱ्या तरुणाची अत्यंत विनयशील ई-पत्रे आली. सोबत आपली माहिती पाहण्यासाठी दुवा जोडला होता. अमेरिकन तपासयंत्रणेने २०१८ मध्ये न्यायालयात मांडलेल्या तक्रारीनुसार घुसखोरांची वाट येथून सुरू झाली. त्यांनी घाई केली नाही. जवळजवळ एक वर्ष ते आत बसून बँकेचा व्यवहार कसा चालतो ते पाहत राहिले. मग ४ फेब्रुवारी २०१६ च्या रात्री, ढाक्यात साप्ताहिक सुट्टी सुरू होण्याच्या बेतास, न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्ह बँकेला बांगलादेश बँकेच्या नावाने ३५ आज्ञा गेल्या. एकूण रक्कम सुमारे ९५ कोटी डॉलर्स. त्यांपैकी ८ कोटी १० लाख डॉलर्स मनिलातील एका बँकेत पोचले आणि बहुतांशी तेथील जुगारघरांच्या वाटेने दिसेनासे झाले. श्रीलंकेतील एका संस्थेच्या नावे निघालेले २ कोटी डॉलर्स मात्र वाटेत अडले. कारण ‘फाउंडेशन’ या शब्दाचे स्पेलिंग चोरांनी ‘फॅनडेशन’ असे काहीतरी केले होते आणि मधल्या बँकेतील कोणा चोखंदळ कारकुनाला ते खटकले. शुद्धलेखनाला आजकाल कोण विचारतो, असा प्रश्न करणाऱ्यांनी ही रक्कम रुपयांत मोजून पाहावी.

मात्र हा कारकुनी उपायही आता पुरेसा राहिलेला नाही. भाषा मोडकी असेल तर पत्र खोटे, हे सूत्र काही वर्षांपूर्वीपर्यंत उपयोगी होते. आज यंत्र निर्दोष इंग्रजी लिहिते, बऱ्यापैकी मराठीही लिहिते. तेव्हा पत्राच्या भाषेकडून आपली नजर पत्त्याकडे वळली पाहिजे. पाठविणाऱ्याचे म्हणून जे नाव ठळक अक्षरांत दिसते ते कोणालाही कसेही घालता येते. त्या नावामागे दडलेला पूर्ण पत्ता उघडून पाहावा, आणि तो वाचावा टोकाकडून. टपालाच्या पाकिटावर गाव आणि तालुका शेवटी असतात, तद्वत संकेतस्थळाच्या पत्त्यात खरा मालक शेवटी, म्हणजे पहिल्या तिरप्या रेघेच्या लगतआधी असतो. आरंभी बँकेचे नाव दिमाखाने झळकत असेल आणि त्या रेघेआधीच्या शेवटच्या दोन-तीन तुकड्यांत भलतेच काही असेल, तर ते स्थळ त्या भलत्याचेच समजावे. केंद्र सरकारची आणि राज्यांची स्थळे बव्हंशी ‘डॉट गव्ह डॉट इन’ वा ‘डॉट निक डॉट इन’ने संपतात. रिझर्व्ह बँकेने आपल्या देशातील बँकांना ‘डॉट बँक डॉट इन’ या राखीव पत्त्यावर जाण्यास सांगितले आणि त्यासाठी ३१ ऑक्टोबर २०२५ ही मुदत दिली. हे फार चांगले झाले, कारण हा पत्ता ऐऱ्यागैऱ्याला विकत मिळत नाही. अर्थात अक्षरेही डोळसपणे पाहावी लागतात. रोमन लिपीतील ‘आर’ व ‘एन’ शेजारी ठेवले की ‘एम’ दिसतो, आणि ‘एल’च्या जागी एकचा आकडा घातला तर चष्म्यातूनही फरक कळत नाही.

आणि खरे म्हणजे इतके पारखत बसण्याचीही आवश्यकता नाही. पत्रात दुवा आला तर त्याला हात न लावता आपण स्वतः बँकेच्या ॲपवर वा नेहमीच्या संकेतस्थळावर जावे. तेथे काही सूचना असेल तर ती दिसेलच. दाराशी येऊन दागिने उजळून देतो म्हणणाऱ्याच्या हाती पाटल्या न देणारी आमची गृहिणी हे तत्त्व पिढ्यान्‌पिढ्या पाळीत आली आहे. उजळायचेच असले तर ती आपल्या सोनाराकडे जाते. चौकटीचे चित्र, म्हणजे क्यूआर कोड, आणि अनपेक्षित आलेली जोडपत्रे यांनाही तोच न्याय लावावा.

आपल्या भागातील परिस्थितीचा यात वेगळा विचार करावा लागतो. रांपण सगळ्यांसाठी टाकतात. पण गरी टाकणारा मासा पाहून आमिष निवडतो. येथील हजारो तरुण जहाजांवर नोकरी करतात, कित्येक आखातात आहेत आणि कित्येकांना तेथे जायचे आहे. म्हणून त्यांच्या ई-पत्रपेटीत नामांकित क्रूझ कंपनीचे नेमणूकपत्र येते आणि व्हिसा, वैद्यकीय तपासणी, विमा अशा एकेका निमित्ताने रक्कम भरावयास सांगितले जाते. नौकानयन महासंचालनालयाचा परवाना असलेल्या भरती-एजंटाला नोकरी लावून देण्याबद्दल खलाश्याकडून पैसे घेता येत नाहीत आणि परवानाधारकांची यादी महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर आहे. पैसे मागितले की पत्राची परीक्षा तेथेच संपली. निवृत्त शिक्षक व सरकारी नोकर यांना नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्याची धास्ती असते. नेमक्या त्याच सुमारास ‘दाखला न मिळाल्याने निवृत्तिवेतन थांबविण्यात येत आहे’ असे पत्र येते. काजू, मासळी किंवा हॉटेलचा व्यवसाय असणाऱ्यांना नेहमीच्या व्यापाऱ्याकडून ‘आमचे बँक खाते बदलले आहे, यापुढे रक्कम येथे पाठवावी’ असे कळते. अशा वेळी पत्रात दिलेल्या क्रमांकावर नव्हे, आपल्या जुन्या वहीतल्या क्रमांकावर फोन करून त्या व्यापाऱ्याचा आवाज ऐकावा. दोन मिनिटे जातात.

या सर्व पत्रांत एक गोष्ट सारखी असते, ती म्हणजे घाई. पूर्वी घरी तार आली की वाचण्याआधीच घरच्यांचे हातपाय गळत. २०१३ च्या जुलैत तारखाते बंद झाले. परंतु ती धडकी आता प्रत्येकाच्या खिशात आहे आणि तिचा व्यापार मांडणारे लोक तिचा पुरेपूर वापर करीत आहेत. ‘आजच’, ‘तात्काळ’, ‘अन्यथा कारवाई’ हे शब्द विचार करण्याचा अवधी हिरावून घेण्यासाठीच योजलेले असतात.

बँकांनाही दोन शब्द सुनावणे आम्हांस प्राप्त आहे. एकीकडे ‘कोणत्याही दुव्यावर जाऊ नका’ असे फलक लावायचे आणि दुसरीकडे स्वतःच कर्जाच्या व विम्याच्या जाहिराती दुव्यांसह धाडायच्या, ही विसंगती होय. ग्राहकाला जर खऱ्या आणि खोट्या पत्रांत एकच चेहरा दिसला, तर दोष एकट्या ग्राहकाचा कसा? दिल्ली उच्च न्यायालयाने २००५ साली ‘नॅसकॉम’च्या दाव्यात, अशा प्रकारचा वेगळा कायदा नसतानाही, दुसऱ्याच्या नावाने ई-पत्रे पाठवून माहिती उकळणे बेकायदेशीर ठरविले. माहिती तंत्रज्ञान कायद्यात नंतर घातलेल्या ६६-ड कलमाखाली संगणकावरील तोतयेगिरीला तीन वर्षांपर्यंत कैद व एक लाखापर्यंत दंड आहे. कायदा आहे, चोर मात्र बहुधा परराज्यात किंवा परदेशात असतो.

म्हणूनच पैसा परत मिळण्याची आशा गुन्हेगाराच्या अटकेवर नव्हे, तक्रारीच्या वेगावर अवलंबून असते. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने असे ठरविले की, दोष ग्राहकाचाही नाही आणि बँकेचाही नाही अशा बाबतीत बँकेकडून सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळविणाऱ्या ग्राहकावर तोशीस पडू नये. आणि ग्राहकाने आपणच पासवर्ड देऊन टाकला असेल तर बँकेला कळवीपर्यंतचे नुकसान त्याचे, कळविल्यानंतरचे बँकेचे. कळविण्यास होणारा प्रत्येक तास असा पैशांत मोजला जातो. केंद्र सरकारचा १९३० हा दूरध्वनी क्रमांक याचसाठी आहे. तेथे लगेच कळविल्यास चोरलेली रक्कम पुढच्या खात्यात अडविण्याचा प्रयत्न होतो.

प्रत्यक्षात घडते ते वेगळेच. फसलेला गृहस्थ दोन दिवस कोणालाच सांगत नाही. मुलगा काय म्हणेल, जावई हसतील, वाड्यावर चर्चा होईल, या भयाने तो पत्र पुसून टाकतो आणि पोलिसांना उपयोगी पडणारा एकुलता एक पुरावाही त्याबरोबर जातो. घरातील तरुणांनी वडीलधाऱ्यांना आधीच सांगून ठेवावे की असे काही झाले तर आम्ही रागावणार नाही, पण त्याच घटकेला आम्हांला हाक मारा. बँकेला फोन लावायचा, १९३० फिरवायचा, निराळ्या यंत्रावरून पासवर्ड बदलायचे, आणि ते पत्र आहे तसेच पेटीत राहू द्यायचे.