विंडोज ११ टाकताना एरर आला? घाबरू नका, पण 'डिलीट' दाबण्याआधी हे वाचा

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० चा सपोर्ट थांबवला. म्हणून काही दुसऱ्या दिवशी लोकांचे लॅपटॉप बंद पडले नाहीत. ते आजही चालतायत. फक्त विंडोज १० मध्ये सुरक्षेची नवी त्रुटी सापडली, तर ती बुजवणारं अपडेट आपोआप मिळणं बंद झालं. ज्या मशीनवर बँकेचे व्यवहार होतात, आधार-पॅनच्या स्कॅन कॉपी पडलेल्या असतात, त्यासाठी ही साधी गोष्ट नाही.

मग सुरू होतं विंडोज ११ टाकणं. मशीन स्लो असेल तर मित्रांचा सल्ला ठरलेला असतो, "फॉरमॅट मार आणि फ्रेश टाक." सल्ला चुकीचा नाही. पण होतं असं, की अर्ध्या वाटेत एरर येतो, माणूस घाबरतो आणि घाईत नको ते बटण दाबतो.

म्हणून एक गोष्ट आधीच लक्षात ठेवा. या कामात येणारे बहुतेक एरर एखादं सेटिंग बदलून सुटतात. परत न फिरणारं पाऊल एकच आहे, पार्टिशन डिलीट किंवा फॉरमॅट करणं.

आधी ठरवा, फ्रेश टाकायची गरज आहे का?

विंडोज ११ वर जायचे दोन रस्ते आहेत. पहिला, आहे त्यावरच अपग्रेड. विंडोज अपडेटमधून हे होतं. फाइल्स आणि सॉफ्टवेअर जागेवर राहतात आणि नाही आवडलं तर १० दिवसांच्या आत परत विंडोज १० वर जाता येतं.

दुसरा रस्ता क्लीन इन्स्टॉल. पेनड्राइव्हवरून मशीन सुरू करायचं, जुनी विंडोज पुसायची आणि नवी टाकायची. वर्षानुवर्षांचा कचरा, कंपनीनं आधीच भरलेली ट्रायल सॉफ्टवेअर, सगळं जातं. पण त्यासोबत तुमची सॉफ्टवेअर, प्रिंटरचे ड्रायव्हर, वायफायचे पासवर्ड हेही जातं.

अपग्रेड नीट होत असेल तर फ्रेशच्या भानगडीत पडायची गरज नाही. मशीनमध्ये व्हायरस असेल, अपग्रेड सारखं फेल होत असेल किंवा नवी एसएसडी बसवली असेल, तर क्लीन इन्स्टॉल करा.

"हा पीसी चालणार नाही" असं दाखवतंय?

विंडोज ११ ला ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा लागते. खरी अडचण येते ती प्रोसेसर आणि टीपीएम २.० मध्ये. प्रोसेसर साधारणपणे इंटेलचा ८ व्या पिढीचा किंवा एएमडी रायझन २००० मालिकेचा किंवा त्यानंतरचा हवा.

टीपीएम म्हणजे पासवर्ड आणि एन्क्रिप्शनच्या चाव्या जपणारी सुरक्षेची व्यवस्था. २०१८ नंतरच्या बऱ्याच मशीनमध्ये ती असते, पण बंद ठेवलेली असू शकते. बायोसमध्ये जाऊन शोधा. इंटेलच्या मशीनमध्ये ती 'पीटीटी' नावानं असते, एएमडीमध्ये 'एफटीपीएम' नावानं. तिथंच सिक्युअर बूटही चालू करता येतं. अट तपासायला मायक्रोसॉफ्टचं 'पीसी हेल्थ चेक' हे मोफत ॲप आहे.

प्रोसेसरच जुना असेल तर? यूट्यूबवर अटी चुकवून विंडोज ११ टाकायचे व्हिडिओ भरपूर आहेत. ती जुगाडं बऱ्याचदा चालतातही. पण अशा मशीनला पुढची अपडेट मिळतीलच, याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. म्हणजे ज्या कारणासाठी विंडोज बदलली, तेच कारण शिल्लक राहिलं. त्यापेक्षा विंडोज १० साठीची एक्स्टेंडेड सिक्युरिटी अपडेट योजना बघा. घरगुती वापरासाठी तिची जाहीर मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे आणि मायक्रोसॉफ्ट खात्यावर सेटिंग सिंक केली तर ती मोफत मिळते.

पुसण्याआधी या चार गोष्टी करा

१. डी ड्राइव्हवर विसंबू नका. आपल्याकडे विंडोज सी ड्राइव्हमध्ये आणि फोटो डी ड्राइव्हमध्ये ठेवायची सवय असते. "सी फॉरमॅट केलं तरी डी सेफ" हे ऐकलेलं असतं. पण बहुतेक लॅपटॉपमध्ये सी आणि डी हे एकाच डिस्कचे दोन भाग असतात. चुकीच्या भागावर क्लिक झालं की संपलं. महत्त्वाचं सगळं बाहेरच्या हार्डडिस्कवर कॉपी करा आणि दोन-चार फाइल्स तिथून उघडून बघा. डेस्कटॉपवरच्या फाइलवर ढगाचं चिन्ह असेल, तर ती वनड्राइव्हवर आहे, मशीनमध्ये नाही. तीही आधी डाउनलोड करून घ्या.

२. बिटलॉकरची की लिहून घ्या. अनेक नव्या लॅपटॉपमध्ये डिस्क एन्क्रिप्ट असते आणि मालकाला ते माहीतही नसतं. बायोसमध्ये टीपीएम किंवा सिक्युअर बूटला हात लावला की निळी स्क्रीन येऊन ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकते. सी पुसल्यावर एन्क्रिप्ट असलेला डी उघडायलाही त्याची की लागते. ती साधारणपणे तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात सेव्ह असते. दुसऱ्या फोनवरून खातं उघडून की बघा आणि कागदावर उतरवा. लॅपटॉप दुकानदारानं स्वतःच्या खात्यानं सेट करून दिला असेल, तर हे काम सगळ्यात आधी.

३. मराठी फॉन्ट वाचवा. श्रीलिपी किंवा कृतीदेवमध्ये टाइप केलेल्या जुन्या फाइल्स असतील, तर तो फॉन्ट नसलेल्या विंडोजवर त्या इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसतात. फाइल खराब झालेली नसते, फॉन्ट गायब असतो. सी ड्राइव्हमधल्या विंडोज फोल्डरात 'फॉन्ट्स' फोल्डर आहे. तिथून तुमचे फॉन्ट कॉपी करून ठेवा.

४. कामाच्या सॉफ्टवेअरची यादी करा. टॅलीचा डेटा कुठल्या फोल्डरात आहे, डिजिटल सहीच्या टोकनचा ड्रायव्हर कुठला, कुठल्या सॉफ्टवेअरचं लायसन्स आधी डिॲक्टिव्हेट करावं लागतं, हे लिहून ठेवा. रिटर्न भरायच्या शेवटच्या तारखेच्या आदल्या दिवशी हे शोधायची वेळ येऊ नये.

आता एरर आणि त्यांचे इलाज

पेनड्राइव्हवरून मशीन सुरूच होत नाही. आयएसओ फाइल पेनड्राइव्हवर नुसती कॉपी करून भागत नाही. किमान ८ जीबीचा पेनड्राइव्ह घ्या आणि मायक्रोसॉफ्टच्या साइटवरच्या 'मीडिया क्रिएशन टूल'नं तो तयार करा. यात पेनड्राइव्हवरचं सगळं पुसलं जातं. मग मशीन सुरू होताना बूट मेन्यूची की दाबा. डेल आणि लेनोव्होत बहुतेकदा एफ १२, एचपीत एफ ९.

डिस्कच दिसत नाही. यादी रिकामी दिसली की एसएसडी गेली असं वाटतं. ११ व्या पिढीपासूनच्या इंटेल लॅपटॉपमध्ये बऱ्याचदा कारण वेगळंच असतं. तिथं 'व्हीएमडी' नावाची व्यवस्था चालू असते आणि विंडोजच्या पेनड्राइव्हमध्ये तिचा ड्रायव्हर नसतो. लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून तुमच्या मॉडेलचा 'इंटेल रॅपिड स्टोरेज' ड्रायव्हर घ्या, तो उलगडून पेनड्राइव्हवर टाका आणि त्याच स्क्रीनवरच्या 'लोड ड्रायव्हर'मधून निवडा. डिस्क दिसू लागते.

"या डिस्कवर एमबीआर पार्टिशन टेबल आहे." एमबीआर ही डिस्कची विभागणी नोंदवायची जुनी पद्धत, जीपीटी ही नवी. यूईएफआय मोडमध्ये सुरू झालेल्या सेटअपला जीपीटी लागते. इथं बरेच जण सगळी पार्टिशन डिलीट करून मोकळे होतात. एरर जातो, पण डी ड्राइव्हही जातो. थांबा आणि सेटअपमधून बाहेर पडा. विंडोज १० मध्येच 'एमबीआरटूजीपीटी' नावाचं टूल आहे. ते डेटा न पुसता डिस्क बदलतं. त्यानंतर बायोसमध्ये लेगसीऐवजी यूईएफआय निवडावं लागतं, नाहीतर मशीन सुरू होणार नाही. हे सगळं बॅकअप घेतल्यावरच.

रीस्टार्ट झालं आणि परत पहिलीच स्क्रीन आली. मशीन पुन्हा पेनड्राइव्हवरूनच सुरू झालं. मशीन बंद करा, पेनड्राइव्ह काढा आणि पुन्हा सुरू करा. इन्स्टॉल जिथं थांबलं होतं तिथून पुढं जातं.

वायफाय दिसत नाही आणि सेटअप पुढं सरकत नाही. वायफायचा ड्रायव्हर नसतो आणि होम एडिशनला सेटअपमध्ये इंटरनेट हवंच असतं. अँड्रॉइड फोन केबलनं जोडा आणि फोनच्या सेटिंगमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करा. बऱ्याचदा एवढ्यानं काम होतं.

प्रॉडक्ट की मागतंय. त्याच मशीनवर विंडोज १० ॲक्टिव्हेट असेल, तर 'माझ्याकडे की नाही' हा पर्याय निवडा. फक्त एडिशन तीच निवडा, होम असेल तर होम, प्रो असेल तर प्रो. डिजिटल लायसन्स मशीनच्या हार्डवेअरशी जोडलेलं असतं. इंटरनेट मिळालं की विंडोज ॲक्टिव्हेट होते. स्वस्तातली की विकत घ्यायची गरज नाही.

आणि आता ती स्क्रीन

विंडोज कुठं टाकायची हे विचारणारी स्क्रीन आली की हळू व्हा. इथं सी आणि डी ही अक्षरं दिसत नाहीत. दिसतं ते 'डिस्क ०, पार्टिशन ३' असं काहीतरी आणि त्याची साइज. म्हणून जुन्या विंडोजमध्ये असतानाच प्रत्येक ड्राइव्हची साइज लिहून घ्या किंवा डिस्क मॅनेजमेंट स्क्रीनचा फोनवर फोटो काढा. दोन डिस्क असतील तर दुसरीची केबल काढून ठेवता आली तर उत्तम.

साइज जुळत नसेल तर डिलीट दाबू नका. खिडकी बंद करा, पेनड्राइव्ह काढा, जुनी विंडोज सुरू करा आणि पुन्हा बघा. इथपर्यंत काहीही गेलेलं नसतं. दाबल्यानंतर मात्र गोष्ट वेगळी. हार्डडिस्कमधून डेटा परत मिळायची थोडी तरी आशा असते. एसएसडीमध्ये 'ट्रिम' नावाच्या सोयीमुळे पुसलेली जागा लवकरच खरोखर रिकामी केली जाते आणि मग रिकव्हरी सॉफ्टवेअरच्याही हाती सहसा काही लागत नाही.

टाकून झाल्यावर

विंडोज अपडेट दोन-तीनदा चालवा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं चिन्ह दिसलं तर तो ड्रायव्हर लॅपटॉप कंपनीच्या साइटवरूनच घ्या. मायक्रोसॉफ्ट खात्यानं लॉगिन केलं असेल तर नवी विंडोज डिस्क आपोआप एन्क्रिप्ट करू शकते. तेव्हा नवी रिकव्हरी कीही बघून ठेवा, जुनी तिथं चालणार नाही. मराठी टायपिंगसाठी वेगळं सॉफ्टवेअर लागत नाही. भाषेच्या सेटिंगमध्ये मराठी फोनेटिक कीबोर्ड आहे.

बॅकअपची हार्डडिस्क मात्र लगेच रिकामी करू नका. काय राहिलं, ते महिनाभर मशीन वापरल्यावरच कळतं.