तळघरातला आवाज

'कॉनर ओबर्स्टवर लिहा, पण सगळा आढावा येऊ द्या,' असं संपादकांनी फोनवर सांगितलं तेव्हाच मी त्यांना सावध केलं होतं. म्हटलं, माझा आढावा १९९८ च्या पुढे फार रेंगाळणार नाही. ते हसले. त्यांना वाटलं, मी विनय दाखवतोय.

ओबर्स्टचे ब्राइट आइज जानेवारी २००५ मध्ये सुरू झाले असं ज्यांना वाटतं, त्यांच्याशी माझं जुनं भांडण आहे. त्या महिन्यात एकाच दिवशी दोन अल्बम निघाले, त्यातल्या एकावर एमीलू हॅरिस गायली आणि आमच्याकडच्या जाणत्यांना एकदम जाग आली. आदल्या नोव्हेंबरात त्याची दोन सिंगल्स बिलबोर्डच्या विक्रीयादीत पहिल्या आणि दुसऱ्या क्रमांकावर होती, हेही ते आवर्जून सांगतात. ती यादी सिंगल्सच्या विक्रीची होती आणि २००४ साली दुकानात जाऊन सिंगल विकत घेणारा माणूस दिवा घेऊन शोधावा लागे, हे मात्र सांगत नाहीत. मग 'नवा डिलन' ही पाटी आलीच. गिटार, कपाळावर केस आणि लांबलचक कडवी एवढं दिसलं की काहींना दुसरं नावच आठवत नाही. मुलगा तोवर बारा वर्षं गाणी करत होता.

१५ फेब्रुवारी १९८० चा जन्म, गाव ओमाहा. मिझुरी नदीचा काठ, मक्याची शेतं, कत्तलखाने, विमा कंपन्या आणि वॉरन बफे, एवढीच त्या गावाची ख्याती. बाराव्या वर्षी गावातल्याच टेड स्टीव्हन्सने त्याला आपल्या कार्यक्रमात गायला उभं केलं. तेराव्या वर्षी, १९९३ मध्ये, 'वॉटर' नावाची कॅसेट निघाली. घरच्या तळघरात, वडिलांच्या फोर-ट्रॅक रेकॉर्डरवर केलेली. पैसे थोरल्या भावाने, जस्टिनने घातले. छापायला लेबलचं नाव हवं म्हणून लंबरजॅक हे नाव घेतलं. पुढे त्याचंच सॅडल क्रीक झालं, आणि तेही गावातल्या एका रस्त्याचं नाव. आपल्याकडे एखाद्या कंपनीने 'लक्ष्मी रोड' नाव घ्यावं, तसं.

आता त्या यंत्राविषयी. संपादकांनी हा परिच्छेद कापू नये.

साध्या कॅसेटच्या फितीवर चार पट्ट्या असतात, दोन ए बाजूच्या आणि दोन बी बाजूच्या. फोर-ट्रॅक यंत्र या चारही पट्ट्या एकाच दिशेने वापरतं, कॅसेट उलटायची भानगडच नाही. पहिल्या पट्टीवर गिटार, दुसरीवर गळा, तिसरीवर आणखी काहीतरी. चार अपुऱ्या पडल्या तर पहिल्या तीन मिसळून चौथीवर उतरवायच्या, की तीन पुन्हा मोकळ्या. पण प्रत्येक उतरवणीला फितीची सळसळ वाढते, आणि एकदा मिसळलेलं पुन्हा वेगळं होत नाही. फोडणी पडल्यावर मोहरी वेचून काढता येत नाही, तसंच. त्यामुळे गिटार किती, गळा किती, हे तिथल्या तिथे ठरवावं लागतं. तेरा वर्षांच्या पोराला हे रोज ठरवावं लागत होतं. ब्रूस स्प्रिंगस्टीनने न्यू जर्सीतल्या घरी टास्कमच्या असल्याच यंत्रावर एकट्याने गाणी भरली आणि १९८२ मध्ये तोच अल्बम बाजारात आणला. त्याचं नाव 'नेब्रास्का'. अकरा वर्षांनी खऱ्या नेब्रास्कातलं पोर तेच करत होतं. निव्वळ योगायोग, पण मला असले योगायोग आवडतात.

मला फोर-ट्रॅक परवडणारं नव्हतं. ८५-८६ साली सदाशिव पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांत मी दोन कॅसेट प्लेअर समोरासमोर ठेवले होते. एकावर गिटार भरायची, ती वाजवत सोबत गायचं आणि दोन्ही मिळून दुसऱ्यावर घ्यायचं. त्या कॅसेटमध्ये तिसऱ्या शिट्टीनंतर अंतरा सुरू होतो. शिट्टी कुकरची. आई म्हणायची, तेवढाच भाग सुरात आहे.

तर ओमाहा. नव्वदच्या दशकात तिथे दहाबारा पोरं आणि बँड त्याहून जास्त, असा प्रकार होता. राज्य नाट्य स्पर्धेच्या दिवसांत हौशी मंडळींत असतो तसा: कालचा नायक आज पडदा ओढतोय आणि प्रकाशयोजनेवाला पाहुण्यांच्या नाटकात हवालदार. नॉर्मन बेलर या चमूत ओबर्स्ट होता. तो निघाला आणि त्या चमूचा पुढे द फेंट झाला. कमांडर व्हीनसमध्ये तो टिपेला ओरडत होता. तिथे सोबत टिम कॅशर होता, कर्सिव्ह या बँडचा, आणि रॉब नॅन्सेल, जो पुढे सॅडल क्रीक चालवणार होता. पार्क अव्हेन्यूत तर ओबर्स्ट ड्रम वाजवायचा. जेमी नावाची सभासद लंडनला गेली, बँड मोडला आणि अल्बमला तेच वाक्य नाव म्हणून देऊन टाकलं. माइक मोगिस ध्वनिमुद्रण करी आणि लागेल ते वाद्यही वाजवी. एकट्या प्रतिभावंताची कथा रंगवणाऱ्यांनी ही उपस्थितीपत्रिका एकदा वाचावी.

१९९८ च्या जानेवारीत ब्राइट आइज या नावाने पहिली सीडी आली: 'अ कलेक्शन ऑफ सॉंग्ज रिटन अँड रेकॉर्डेड १९९५–१९९७'. नावातच सगळं सांगितलेलं. वीस गाणी, पंधरा ते सतराव्या वर्षांतली. भाच्याने ती अमेरिकेहून आणली आणि मी लगेच टीडीकेच्या नव्वद मिनिटांच्या कॅसेटवर उतरवून घेतली. एका बाजूला मावली नाही. स्वयंपाकघरातून प्रश्न आला, 'हा मुलगा गातोय की रडतोय?'

प्रश्न रास्त होता. आपल्याकडे आवाजातला कंप हा दोष. आंदोलन वेगळं, त्याला शिस्त असते. इथे स्वर धरताना गळा थरथरतो, कधी ओळीच्या शेवटी फाटतो. एका विद्वानाने या गायनाला 'रियाजाचा अभाव' म्हणून निकालात काढलं होतं. त्याने कीर्तन ऐकलं नसावं. आख्यान ऐन रंगात आलं असताना बुवांचा गळा दाटला, तर कोणी उठून श्रुती तपासत नाही. ओबर्स्ट ती थरथर लपवत नाही, आणि चार पट्ट्यांत ती लपवायला जागाही नव्हती. ड्रम मशिन खेळण्यातल्यासारखं टकटकतं, सळसळ पावसासारखी मागे चालू राहते आणि पुढे हा गळा. हा माझा सगळ्यात आवडता ओबर्स्ट.

पुढचं भराभर सांगतो. त्याच वर्षी 'लेटिंग ऑफ द हॅपिनेस'. थोडं घरच्या तळघरात, थोडं जॉर्जियातल्या अथेन्सला. २००० मध्ये 'फीव्हर्स अँड मिरर्स'. यात एक खोटी रेडिओ मुलाखत आहे आणि त्यात ओबर्स्ट म्हणून बोलतोय फेंटचा टॉड फिंक. स्वतःच्या रडव्या प्रतिमेची विसाव्या वर्षी अशी खिल्ली उडवणाऱ्याला अजून 'रडका' म्हणणाऱ्यांनी तो अल्बम शेवटपर्यंत ऐकलेला नाही, एवढाच मी अर्थ काढतो. २००२ मध्ये देसापारेसिदोस या गोंगाटी बँडचा अल्बम, ओमाहाभोवती फोफावणाऱ्या वसाहतींवर चिडलेला. त्याच वर्षी 'लिफ्टेड', व्हायोलिनं, कोरस, सगळा लवाजमा. मग २००५. एमीलू हॅरिस सुंदर गायली आहे, वाद नाही.

आज ओळखीची मुलं गाणी पाठवतात. लॅपटॉपवर शंभर ट्रॅक, सूर इस्त्री केलेला, कुकर दुसऱ्या कुठल्यातरी घरात. काही ठरवावं लागत नाही, म्हणून काही ठरलेलंही नसतं. मी 'छान' असं कळवतो. काळा घोड्याचं ऱ्हिदम हाउस २०१६ मध्ये बंद झालं, तेव्हापासून मी नवं संगीत उभ्याने चाळलेलं नाही, हाही त्यातला भाग असेल.

२०२२ मध्ये ब्राइट आइजचे हे जुने अल्बम पुन्हा निघाले. सोबत प्रत्येकाची सहा-सहा गाण्यांची जोडतबकडी, त्यात पोरवयातली काही गाणी बेचाळिशीत पुन्हा गायलेली. नीट गायली आहेत. मी एकदा ऐकली.

ती टीडीकेची कॅसेट अजून शाबूत आहे, डेक मात्र गणपतीपासून बंद आहे. बेल्ट सैल झालाय. पुण्यात असा बेल्ट बदलून देणारं कोणी वाचकांच्या माहितीत असेल, तर अंकाच्या पत्त्यावर एक पोस्टकार्ड टाकावं. मोटरला हात न लावणारा असावा.