एका भाताची दोन पोटं

वसईच्या पट्ट्यात दिवाळीच्या आगेमागे भात झोडून झाला, की एकाच रोपाच्या दोन वाटा होतात. दाणा घरात जातो आणि पेंढ्याची उडवी खळ्याशेजारी रचली जाते. दाणा माणसाचा, कोंबडीचा, डुकराचा. पेंढा म्हशीचा, बैलाचा. ही वाटणी पोटाच्या रचनेने ठरवून दिलेली आहे. दाण्यातला स्टार्च आणि पेंढ्यातला सेल्युलोज या दोन्ही ग्लुकोजच्याच साखळ्या, फक्त कड्या जोडण्याची तऱ्हा निराळी. सेल्युलोजचा जोड सोडवणारे विकर कोणताही सस्तन प्राणी स्वतःच्या शरीरात तयार करू शकत नाही. म्हैससुद्धा नाही. तरी ती पेंढ्यावर जगते आणि वर दूध देते. पशुविज्ञानातली मला सर्वांत विलक्षण वाटणारी गोष्ट हीच.

आधी एकपोटी प्राणी पाहू. वसईतल्या ख्रिस्ती घरांच्या परसात पूर्वी डुकरे पाळली जात. लग्नाच्या पंगतीतले इंद्याल त्यांच्याच मांसाचे होई. डुकराचे पोट बरेचसे आपल्यासारखे. जठरात आम्ल आणि पेप्सिन, पुढे लहान आतड्यात स्वादुपिंडाचा रस आणि पित्त. स्टार्चचे ग्लुकोज होते, प्रथिनांची अमिनो आम्ले होतात आणि आतड्याच्या आतल्या बारीक उंचवट्यांमधून ती रक्तात उतरून यकृताकडे जातात. स्निग्धांश मात्र बहुतांशी लसिकेच्या वाटेने जातो. इथे जे खाल्ले तेच अंगी लागते. तांदळाच्या प्रथिनात लायसिन कमी, म्हणून नुसत्या कण्या-कोंड्यावर डुकराची वाढ खुंटते. जोडीला सुक्या मासळीचा चुरा मिळाला तर ती उणीव भरून निघते. डुकराची चरबीसुद्धा त्याच्या खाण्यातल्या तेलासारखी नरम किंवा घट्ट होते.

म्हशीचे गणित उलटे आहे. ती आधी आपल्या पोटातल्या जिवांना जेवू घालते आणि मग त्यांच्यावर जगते.

मोठ्या जनावराच्या कोटीपोटात, म्हणजे त्याच्या चार पोटांतल्या सर्वांत मोठ्या पोटात, शंभर लिटरहून अधिक ऐवज मावतो. आत ३९ अंशांच्या आसपास ऊब असते, प्राणवायू जवळजवळ नसतो आणि एका मिलिलिटर रसात अब्जावधी जिवाणू असतात. सोबत आदिजीव आणि बुरशीही. त्यातले आदिजीव १८४३ साली ग्रुबी आणि देलाफों यांनी फ्रान्समध्ये सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. भरलेल्या मडक्यात ताडी आंबते तसेच हे आंबणे, पण इथे दारूऐवजी ॲसिटिक, प्रोपिऑनिक आणि ब्युटिरिक आम्ले तयार होतात. ती आतड्यापर्यंत जाण्याची वाट पाहत नाहीत. बहुतांश कोटीपोटाच्या भिंतीतूनच रक्तात शिरतात. केंब्रिजमध्ये बारक्रॉफ्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४०च्या दशकात हे दाखवून दिले. जनावराच्या ऊर्जेचा साठ-सत्तर टक्के वाटा या आम्लांतून येतो. ॲसिटिक आम्लापासून दुधातला स्निग्धांश बनतो. प्रोपिऑनिकपासून यकृत ग्लुकोज तयार करते आणि त्यातून दुधाची साखर होते. म्हशीच्या आतड्यातून ग्लुकोज जेमतेम शोषले जाते. तिच्या दुधातला गोडवा यकृताने घडवलेला असतो.

रवंथाचे महत्त्व इथेच. दिवसाचे सहा-आठ तास म्हैस गिळलेला चारा परत तोंडात आणून चघळते. त्यामुळे चारा बारीक होतोच, शिवाय लाळ सुटते. मोठ्या दुभत्या जनावरात ती दिवसाला शंभर लिटरच्या पुढे जाते. तिच्यातला सोडा कोटीपोटातले आम्ल आटोक्यात ठेवतो. उरलेली तीन पोटे म्हणजे जाळीचे, पडद्यांचे आणि खरे पोट. खऱ्या पोटात आपल्यासारखे आम्ल आणि पेप्सिन असते आणि तिथे वाहून आलेले जिवाणू स्वतःच पचतात. तेच म्हशीचे मुख्य प्रथिन. आपल्यासाठी निरुपयोगी असलेल्या युरियातला नायट्रोजन वापरून जिवाणू उत्तम प्रथिन बांधतात. फिनलंडचे नोबेलविजेते आर्तुरी विर्तानेन यांनी १९६०च्या दशकात गाईंना प्रथिनाऐवजी युरिया आणि अमोनियाचे क्षार देऊन त्यांच्याकडून दूध मिळवले होते. या व्यवस्थेला किंमतही मोजावी लागते: खाद्यातली काही ऊर्जा मिथेन होऊन ढेकरेतून हवेत जाते.

हे सगळे बिघडायला एक घमेले पुरते. लग्नातला उरलेला भात, जिलेबी, नाहीतर वसुबारसेला श्रद्धेने पुढे केलेले सुपभर धान्य. स्टार्च एकदम हाती आला की लॅक्टिक आम्ल बनवणारे जिवाणू माजतात, बाकीचे मरतात, रवंथ थांबतो आणि रक्तातले पाणी पोटात ओढले जाते. खाण्याचा सोडा वेळेवर दिला तर सौम्य त्रास आवरतो. एरवी एक-दोन दिवसांत धडधाकट गाय आडवी होते. डुकराला तेच घमेले पचते. भक्तिभाव खरा असेल तर वसुबारसेला गाईपुढे मूठभर धान्य आणि पेंडीभर गवत ठेवावे.

वसई-विरार महापालिका २००९ साली झाली. त्याच्या आधीपासूनच भाताच्या खाचरांवर इमारती उभ्या राहत होत्या. तबेले मात्र राहिले, आणि पेंढा दुरून येऊ लागला. महाग वैरणीची भरपाई आंबोण आणि सरकी पेंड वाढवून करण्याकडे कल दिसतो, पण म्हशीचे कोटीपोट धाग्यासाठी घडले आहे. आहे तोच पेंढा सकस करणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. शंभर किलो पेंढ्यावर चार किलो युरिया सुमारे पन्नास लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून थराथराने शिंपडायचा, दाबून हवाबंद झाकायचा आणि तीन आठवड्यांनी उघडायचा. त्यातून सुटणारा अमोनिया पेंढ्याची कठीण वीण सैल करतो आणि जिवाणूंना नायट्रोजन पुरवतो. खाऊ घालण्याआधी तासभर पसरून वास उडू द्यायचा आणि सुरुवात थोडक्यापासून करायची. सहा महिन्यांखालच्या रेडकाला तो घालू नये. रेडकू पिते ते दूध कोटीपोटाला वळसा घालून थेट खऱ्या पोटात उतरते. मोठ्या पोटातली वस्ती पुरती वसेपर्यंत तेही डुकरासारखे, आपल्यासारखे एकपोटीच असते.