फोक्सएम्फेंगर

जर्मनीतील नाझी राजवटीने (१९३३–४५) प्रचारासाठी घडविलेला स्वस्त रेडिओ ग्राही. जर्मन भाषेत या नावाचा अर्थ ‘लोकांचा ग्राही’ असा होतो. प्रचारमंत्री योझेफ गोबेल्स यांच्या पुढाकाराने अनेक कारखान्यांनी तो एकाच नमुन्यानुसार तयार केला. त्याचे मंडल ओटो ग्रीसिंग या अभियंत्याने योजिले. ऑगस्ट १९३३ मध्ये बर्लिनच्या रेडिओ प्रदर्शनात तो प्रथम मांडण्यात आला. ‘व्हीई ३०१’ या नावातील अंक हिटलर चॅन्सेलर झाल्याचा दिवस (३० जानेवारी) दर्शवितो. त्याची किंमत ७६ मार्क होती. १९३८ मधील लहान संच अवघ्या ३५ मार्कांस मिळे. लोक त्याला उपहासाने ‘गोबेल्सचे थोबाड’ म्हणत.

हा संच परकीय केंद्रे मुळीच ग्रहण करू शकत नसे, हा समज बरोबर नाही. त्यात लघुतरंगांची सोय नव्हती व त्याची संवेदनक्षमताही बेताची होती. त्यामुळे दिवसा मुख्यतः जवळचीच केंद्रे ऐकू येत. रात्री मात्र मध्यम तरंग आयनांबरावरून परावर्तित होऊन दूरवर पोहोचतात. त्यामुळे चांगला आकाशक जोडल्यास बीबीसीचे जर्मन कार्यक्रमही ऐकता येत.

यंत्राने अपुरे राखलेले हे नियंत्रण कायद्याने पुरे करण्यात आले. १ सप्टेंबर १९३९ च्या वटहुकमान्वये परकीय प्रक्षेपण ऐकणे हा गुन्हा ठरला; ऐकलेली बातमी पसरविणाऱ्यास गंभीर प्रकरणी देहदंडाची तरतूद होती. संचाच्या खुंटीला अडकविण्यासाठी इशाऱ्याची कार्डेही वाटण्यात आली. तरीही अनेकजण आवाज अगदी लहान करून चोरून ऐकत. त्यांना खरे भय यंत्राचे नसून, भिंतीपलीकडून कानोसा घेणाऱ्या शेजाऱ्याचे होते.