असं का होतं? : तेच काम, शीण वेगळा

दिवसभर कापूस वेचून आलेली बाई रात्री शेजारच्या लग्नघरी परातभर पोळ्या लाटते आणि हसत घरी जाते. हात तेच, दमलेलेही तेच. मग शीण गेला कुठे?

थकवा निव्वळ स्नायूंचा नसतो. मेंदू सतत तोलत असतो: एका पारड्यात कष्ट, दुसऱ्यात फळ. फळ म्हणजे फक्त मजुरी नव्हे. आपल्या हातून कुणाचं काय भलं झालं, तेही त्यात येतं. ते दिसलंच नाही, तर पारडं हलकं राहतं आणि तेवढेच कष्ट जड वाटतात.

जिंतूर तालुक्यातलं येलदरी धरण घ्या. पूर्णेचं पाणी इथे अडतं, वीज देऊन खाली सिद्धेश्वर धरणात जातं आणि तिथून कालव्यांनी शेतांत. येलदरीच्या दरवाजांना वंगण घालणाऱ्याला दिसतो तो गंज. वसमतकडची भिजलेली हळद नाही.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अॅडम ग्रँट यांचा २००७ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग याच गाठीवर बोट ठेवतो. विद्यापीठासाठी फोनवरून देणग्या मागणाऱ्यांची त्यांनी शिष्यवृत्ती मिळालेल्या एका विद्यार्थ्याशी जेमतेम पाच मिनिटं भेट घडवली. महिन्याभराने त्यांचा फोनवरचा वेळ दुपटीहून अधिक झाला होता! (म्हणून पगार थकवला तरी चालतो, असा अर्थ कुणा साहेबाने काढू नये.)

धरणावरच्या माणसांना वर्षातून एकदा कालव्याच्या टोकाचं शेत दाखवायला जीपभर डिझेल पुरेल. तेवढं खात्याने करावंच.