मंगलाष्टकात थांबायचे कुठे? यतीची ओळख

आपल्याकडे लग्नात मंगलाष्टके सुरू झाली की म्हणणारा प्रत्येक ओळीत मध्येच एकदा थांबतो. त्या वेळी श्वास घेता येतो हे खरे, पण ती जागा वृत्तानेच ठरवून दिलेली असते. या विरामाला छंदःशास्त्रात 'यती' म्हणतात.

बहुतेक मंगलाष्टके शार्दूलविक्रीडित वृत्तात असतात. त्याच्या एका चरणात 19 अक्षरे असतात आणि यती बाराव्या अक्षरावर येते. पुढे उरतात 7 अक्षरे. श्लोकाच्या शेवटी येणारे, सदा मंगल होवो असे सांगणारे पालुपदही नेमके 7 अक्षरांचे आहे. म्हणून सगळा मांडव ते एका सुरात उचलू शकतो.

उदाहरणासाठी एक साधी ओळ रचू:

आली मंगल वेळ ही सजविला । दारी नवा मांडव

इथे विराम दोन शब्दांच्या मध्ये पडतो. आता ही ओळ पाहा:

आली मंगल वेळ ही घरि सदा । नंदास लाभो सुख

अक्षरे 19 भरली, लघुगुरूही जुळले. पण वराचे नाव सदानंद आहे! म्हणताना 'सदा' वेगळे पडले आणि सुख भलत्याच नंदाला गेले. शब्द असा मधोमध तुटणे म्हणजे यतिभंग.

यतीची जागा वृत्तागणिक बदलते. मालिनीच्या 15 अक्षरांत ती आठव्यावर, शिखरिणीच्या 17 अक्षरांत सहाव्यावर येते. मंदाक्रांतेत 17 अक्षरे असून चौथ्या व दहाव्या अक्षरावर थांबायचे असते. भजनात म्हणतो त्या मोठ्या अभंगाचे 6, 6, 6 आणि 4 अक्षरांचे चार तुकडे असतात. दुसऱ्या-तिसऱ्या तुकड्याचे यमक जुळते, त्यामुळे थांबायची जागा कानालाच कळते.

घरच्या लग्नासाठी आत्या, मामा, आजोबा हौसेने मंगलाष्टके रचतात. त्यांत वधूवरांची, आईवडिलांची, कुलदेवतेची नावे गुंफलेली असतात. रचून झाल्यावर प्रत्येक ओळीची अक्षरे मोजावीत. जोडाक्षर एकच धरावे. बाराव्या अक्षरानंतर उभी रेघ मारावी. रेघ नावावर आली, तर शब्दांची जागा बदलावी.

घरातल्या जुन्या वह्यांतली मंगलाष्टके उतरवून घेतानाही ही रेघ जरूर द्यावी. चाल ठाऊक असलेले माणूस जवळ नसले, तरी पुढच्या पिढीला कुठे थांबायचे ते त्या रेघेवरून समजेल.